बातमीतलं हॉटेल

मे १९७६. मलावी सोडावं लागलेली भारतीय वंशाची दोन कुटुंबं ब्रिटिश पासपोर्ट घेऊन इंग्लंडमध्ये पोचली. स्थानिक प्रशासनाकडे द्यायला घर नव्हतं, म्हणून गॅटविक विमानतळाजवळच्या चार तारांकित हॉटेलात त्यांची तात्पुरती सोय झाली. ‘द सन’ने आठवड्याला ६०० पौंडांचा मथळा पहिल्या पानावर छापला आणि इतर दैनिकांनी त्याची री ओढली. आकडा बनावट नव्हता. पण हॉटेल स्थानिक प्रशासनाने निवडलं होतं, पैसे हॉटेलवाल्याच्या गल्ल्यात जात होते आणि ही माणसं कायद्याने ब्रिटिशच होती. एवढं सगळं मथळ्यात मावत नाही. घरासाठी वर्षानुवर्षं रांगेत असलेल्या कामगाराने एकच अर्थ काढला असणार: आपल्या वाटणीचं कुणीतरी लाटलं.

महिनाभराने, ४ जूनला, लंडनच्या साउथहॉलमध्ये एका शीख विद्यार्थ्याला रस्त्यात भोसकून मारण्यात आलं. नॅशनल पार्टीचा पुढारी जॉन किंग्सली रीड याने तर जाहीर सभेत त्या मरणाचा आनंद व्यक्त केला. मथळ्याने सुरा चालवला असं म्हणण्याइतका पुरावा नाही आणि मी तसं म्हणतही नाही. पण रीडच्या त्या जल्लोषाला टाळ्या देणाऱ्यांना मुलगा मलावीचा की साउथहॉलचा याच्याशी काहीच देणंघेणं नव्हतं, आणि माझ्या लेखी सगळा मुद्दा इथेच आहे. निर्वासितांवरची बातमी निर्वासितांपुरती राहत नाही. ज्याची एकाही निर्वासिताशी कधी गाठ पडलेली नाही, तो वाचक ती आपल्या गल्लीतल्या सावळ्या दुकानदाराला लागू करतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये रॉदरहॅमजवळच्या एका हॉटेलला जमावाने आग लावण्याचा प्रयत्न केला. आत आश्रय मागणारी माणसं होती. त्याआधी साउथपोर्टमध्ये मशिदीवर दगडफेक झाली होती. तिथेच झालेल्या तीन मुलींच्या हत्येतला संशयित नुकताच होडीतून आलेला मुसलमान आहे, ही अफवा समाजमाध्यमांनी पसरवली, वृत्तपत्रांनी नव्हे. तो कार्डिफमध्ये जन्मलेला होता. पण संतापलेला जमाव हॉटेलच का गाठतो, याचं उत्तर आधीच्या काही वर्षांच्या पहिल्या पानांवर सापडतं.

यात नवं काही नाही. ऑगस्ट १९३८ मध्ये ‘डेली मेल’ने जर्मन ज्यूंच्या येण्याविषयी असाच भयाचा सूर लावला होता. १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत युगांडा सोडायला सांगितलं, तेव्हा लेस्टर नगरपालिकेने थेट ‘युगांडा आर्गस’मध्ये जाहिरात दिली: लेस्टरला येऊ नका. ब्रिटनमध्ये आलेल्या सुमारे २८,००० जणांत बहुतेक गुजराती होते. कंपालाच्या सरकारी कचेऱ्यांत नोकऱ्या केलेले गोंयकारही होते. पुष्कळ जण लेस्टरलाच गेले. आज तिथल्या बेलग्रेव्ह रोडवरची दिवाळी ही भारताबाहेरच्या सर्वांत मोठ्या दिवाळींपैकी एक म्हणून नगरपालिका मिरवते.

जुलै २००३ मध्ये ‘सन’ने पहिल्या पानावर छापलं की आश्रय मागणारे राणीचे हंस पकडून भाजून खातात. पुरावा मिळाला नाही. डिसेंबरमध्ये खुलासा आला, तोही आतल्या पानावर.

पण वृत्तपत्रं नेहमी एकाच सुरात बोलतात असंही नाही. २०१५ हे वर्ष बघा. एप्रिलमध्ये ‘सन’च्या स्तंभात केटी हॉपकिन्सने स्थलांतरितांना झुरळं म्हटलं आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार प्रमुखांनी जाहीर निषेध केला. सप्टेंबरमध्ये बोद्रुमच्या किनाऱ्यावर मृतावस्थेत सापडलेल्या निर्वासित बालकाचा, अलान कुर्दीचा, फोटो आला आणि त्याच वृत्तपत्राने मदतनिधी उभारला. पंतप्रधान कॅमेरन यांनी काही दिवसांत २०,००० सीरियन निर्वासितांना घेण्याचं जाहीर केलं. नोव्हेंबरमध्ये, पॅरिसच्या हल्ल्यांनंतर दहा दिवसांनी, पुन्हा ‘सन’: पाचातल्या एका ब्रिटिश मुसलमानाला जिहादींविषयी सहानुभूती. पाहणीत प्रश्न होता सीरियातल्या लढवय्यांना जाऊन मिळणाऱ्या तरुणांविषयी. जिहादींचा त्यात उल्लेखच नव्हता. वृत्तपत्रांची नियामक संस्था इप्सोने पुढच्या मार्चमध्ये हे वृत्त दिशाभूल करणारं ठरवलं. निर्वासित बालक आठवडाभर आपलं झालं. इथेच जन्मलेला मुसलमान मात्र परकाच राहिला.

वाचकाचं मत वृत्तपत्र घडवतं, की वाचक आपल्या मताचंच वृत्तपत्र विकत घेतो? हा वाद जुना आहे आणि दोन्ही बाजूंत तथ्य आहे. त्यावर प्रकाश टाकणारा उत्तम पुरावा लिव्हरपूलकडून येतो. १९८९ च्या हिल्सबरो स्टेडियममधल्या दुर्घटनेनंतर ‘सन’ने चेंगरून मेलेल्या लिव्हरपूल संघाच्या चाहत्यांच्या सोबत्यांवर खोटे आरोप केले आणि लिव्हरपूल ज्यात येतं त्या मर्सीसाइडने ‘सन’वर कायमचा बहिष्कार घातला. फ्लोरियन फूस आणि डॅनिएल बिशोफ यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तिथला युरोपविरोध इतर तुलनीय भागांपेक्षा कमी झालेला आढळला. विषय युरोपचा आहे, अल्पसंख्याकांचा नव्हे. पण रोजचं वृत्तपत्र हातातून गेलं की मतं हळूहळू हलतात, एवढं त्यातून नक्की दिसतं. मर्सीसाइडने ते टाकलं ते मात्र कुणा निर्वासितासाठी नाही, आपल्याच माणसांची बदनामी झाली म्हणून.