लाभांशाची वही आणि महागाईचा रकाना

जुलै उजाडला की शाखेतील पासबुक छापण्याच्या यंत्रापुढे काही ठरावीक चेहरे दिसू लागतात. कंपन्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांचा हा हंगाम. सप्टेंबर उलटेपर्यंत लाभांशाच्या रकमा खात्यांत जमा होत राहतात. पासबुकात कंपनीचे नाव बहुधा अर्धवट छापलेले असते. ते ओळखून घरच्या वहीत उतरवून ठेवण्याचा अनेक निवृत्त खातेदारांचा नेम असतो. वहीतील रकानेही ठरलेले असतात : कंपनी, समभागांची संख्या, तारीख, रक्कम. वर्षअखेरीस बेरीज करायची आणि ती गतवर्षीपेक्षा मोठी आली की समाधानाने वही मिटायची.

या समाधानात एक उणीव राहून जाते. वहीत रुपये मोजले जातात, त्या रुपयांत घरात काय येते हे मोजले जात नाही. महागाईचा दर वार्षिक ६ टक्के धरला, तर आज १०,००० रुपयांत भागणाऱ्या महिन्याच्या खर्चाला पाच वर्षांनी सुमारे १३,४०० आणि दहा वर्षांनी सुमारे १७,९०० रुपये लागतात. लाभांशाची बेरीज त्याच वेगाने वाढली नाही, तर ती वाढूनही घटलेलीच असते.

ही केवळ कागदावरची भीती नव्हे. एप्रिल २०२२ मध्ये ग्राहक किंमत निर्देशांकावर आधारित महागाईचा दर ७.७९ टक्क्यांवर गेला. त्या वर्षी सलग तीन तिमाही तो ६ टक्क्यांच्या कमाल मर्यादेवर राहिल्यामुळे रिझर्व्ह बँकेला केंद्र सरकारकडे कारणमीमांसा सादर करावी लागली. मे २०२२ च्या आरंभी रेपो दर ४ टक्के होता, तो फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५ टक्के झाला. तत्पूर्वीच्या काळात ठेवींवरील व्याज महागाईला पुरे पडत नव्हते आणि त्यामुळेच कित्येकांचे लक्ष लाभांश देणाऱ्या समभागांकडे वळले. मात्र ठेवीच्या व्याजाचा दर आधी ठरलेला असतो, लाभांशाला तशी हमी नसते. म्हणूनच लाभांशाची वही अधिक काळजीने ठेवावी लागते.

वहीत आणखी एक रकाना आखला की चित्र पालटते. आयकर विभागाचा खर्च चलनवाढ निर्देशांक यासाठी हाताशी आहे. २००१-०२ साली तो १०० धरला आहे, २०१५-१६ साली तो २५४ होता आणि २०२४-२५ साली ३६३. कोल इंडियाने २०१५-१६ या वर्षासाठी समभागामागे २७.४० रुपये लाभांश दिला. २०१९-२० साली तो १२ रुपयांवर उतरला आणि पुढे चढत चढत २०२४-२५ साली २६.५० रुपये झाला. मधल्या चार-पाच वर्षांचीच वही पाहणाऱ्याला ही दुपटीहून अधिक वाढ दिसेल आणि ती खोटीही नाही. परंतु २७.४० रुपयांची क्रयशक्ती टिकायची, तर २०२४-२५ साली ३९ रुपयांहून अधिक मिळायला हवे होते. नऊ वर्षांनीही मूळचा आकडा गाठलेला नाही, मग महागाईची भरपाई दूरच. त्यातही हा निर्देशांक शहरी ग्राहक किमतींतील वाढीचा केवळ पाऊण हिस्सा धरून काढला जातो, तेव्हा प्रत्यक्षातील झीज याहून अधिक.

शिवाय सरकारी निर्देशांकातील कुटुंब हे सरासरीचे कुटुंब. सत्तरीतल्या दांपत्याच्या खर्चात औषधे आणि आरोग्यविम्याचा हप्ता यांचा वाटा कितीतरी मोठा असतो. त्यामुळे वहीच्या शेवटच्या पानावर दर दिवाळीला दूध, तूरडाळ, गोडेतेल, गॅस सिलिंडर, नेहमीची औषधे, विम्याचा हप्ता, घरकामाच्या बाईंचा पगार असे आठ-दहा दर टिपून ठेवणे हा उत्तम उपाय. चार दिवाळ्यांनंतर ते पान कोणत्याही तक्त्यापेक्षा अधिक बोलके होते.

नोंद करताना आकडा कोणता घ्यावा, हाही प्रश्न आहेच. लाभांशाची टक्केवारी दर्शनी मूल्यावर सांगितली जाते. आयटीसीच्या समभागाचे दर्शनी मूल्य १ रुपया, त्यामुळे २०२४-२५ साठीचा १४.३५ रुपयांचा लाभांश १४३५ टक्के होतो. कोल इंडियाचे दर्शनी मूल्य १० रुपये, म्हणून तिचे २६.५० रुपये केवळ २६५ टक्के ठरतात. वहीत टक्केवारीला स्थान नसावे. विशेष लाभांशही वेगळा लिहावा. आयटीसीने २०२२-२३ साठी १५.५० आणि पुढील वर्षासाठी १३.७५ रुपये दिले. वरवर ही घट दिसते, परंतु पहिल्या आकड्यात २.७५ रुपये विशेष लाभांशाचे होते. नेहमीचा लाभांश १२.७५ वरून १३.७५ वर, म्हणजे वाढलेलाच होता.

खरेदीच्या किमतीवर उतारा काढण्याची सवय मात्र सोडलेली बरी. वीस वर्षांपूर्वी शंभर रुपयांना घेतलेल्या समभागावर आज वीस रुपये मिळतात, म्हणजे वीस टक्के, असे कौतुकाने सांगितले जाते. त्यात जुन्या काळातले शंभर रुपये आणि आजचे वीस रुपये एकाच मापाने मोजलेले असतात. महागाईच्या दिवसांत याहून गोड फसवणूक नाही.

कराचा रकाना २०२० पासून अपरिहार्य झाला आहे. ३१ मार्च २०२० पर्यंत लाभांश वितरण कर कंपनी भरत असे. १ एप्रिल २०२० पासून लाभांश भागधारकाच्या उत्पन्नात धरला जातो. त्यामुळे त्याआधीच्या व नंतरच्या बेरजांची तुलना करताना नंतरच्या रकमेतून स्वतःच्या दराने कर वजा करायला हवा. एका कंपनीचा वर्षातील लाभांश १०,००० रुपयांवर गेला की उगमस्थानी १० टक्के करकपात होते. एप्रिल २०२५ पूर्वी ही मर्यादा ५,००० रुपये होती. पासबुकात कपातीनंतरची रक्कम दिसते, म्हणून वहीत मूळ रक्कम व कापलेला कर हे दोन्ही लिहून वार्षिक माहिती विवरणाशी ताडून पाहावेत. ज्यांचे उत्पन्न करपात्र नाही, त्यांनी कपात टाळण्यासाठी विहित स्वयंघोषणा वेळेत द्यावी.

काही वर्षे वहीत रिकामी जागाही सोडावी लागते. कोविडच्या संकटात रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१९-२० च्या नफ्यातून आणखी लाभांश देण्यास मनाई केली आणि पुढील वर्षासाठी नेहमीच्या मर्यादेच्या निम्म्यापर्यंतच मुभा दिली. बँकांच्या समभागांवर घरखर्च बेतलेल्यांना ती जागा चांगलीच जाणवली. एकाच उद्योगातील समभाग वहीच्या निम्म्याहून अधिक ओळी व्यापत असतील, तर असे एखादे वर्ष सबंध घराचा हिशेब विस्कटते.

रिकाम्या जागेचे कारण कधी याहून साधे असते. बदलीच्या गावी उघडलेले खाते बंद झाले, पण डीमॅट खात्यात तेच राहिले आणि लाभांश परत गेला. सात वर्षे दावा न केलेला लाभांश गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतो आणि सलग सात वर्षांचा लाभांश घेतला गेला नसेल, तर ते समभागही त्याच निधीकडे जातात. परत मिळतात, पण खटाटोप मोठा. तेव्हा जुलैत पासबुक छापून घेताना डीमॅट खात्याला जोडलेला बँक खात्याचा क्रमांक आणि नामनिर्देशन एकदा पडताळून घ्यावे, आणि वही कोणत्या कपाटात असते हे घरातील आणखी एकाला सांगून ठेवावे.