आधी रंग, मग लेझर : घरच्या घरी कॅनव्हासवर कोरीव चित्र

(बोरी, ता. जिंतूर, जि. परभणी येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

शाळेत चित्रकलेच्या तासाला केलेली एक गंमत आठवते का? कागदावर रंगीत मेणखडू घासायचे, वरून काळा रंग फासायचा आणि टाचणीनं ओरखडायचं. खालचे लाल-पिवळे रंग वर यायचे. आज आपण तेच करणार आहोत, फक्त टाचणीच्या जागी लेझर आणि कागदाच्या जागी कॅनव्हास.

लेझर रंग लावत नाही, तो वरचा थर जाळून काढतो. त्यामुळे चित्र कसं येणार हे मशीन लावायच्या आदल्या दिवशीच ठरलेलं असतं. मी पहिल्यांदा सगळं लक्ष मशीनवर दिलं आणि काळा रंग घाईघाईत फासला. झालं काय, रंग पातळ होता तिथं कापडाला भोक पडलं, जाड होता तिथं खालचं पांढरं दिसलंच नाही. ताकद एकच, पण थर वेगळे.

म्हणून आधी अ‍ॅक्रिलिकच्या पांढऱ्या रंगाचे दोन हात द्या. ते वाळले की वर गडद रंगाचा एकच पातळ, सारखा हात, स्पंजच्या छोट्या रोलरनं. हाताला कोरडा लागला तरी रात्रभर राहू द्या. आपल्याकडच्या उन्हात वरची साय लगेच धरते, आत ओल असते. कॅनव्हास सुती आहे का, हे एक धागा जाळून बघा. सुताची राख होते, पॉलिएस्टरचा वितळून मणी होतो. सुती घ्या.

वरचा रंग कोणता? घरगुती मशीनमध्ये बहुधा 450 नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश असतो. काळा रंग तो शोषून घेतो, तापतो, उडतो. पांढरा तो परत फेकतो, म्हणून खालचा थर टिकतो. निळा रंग वर लावलात तर निळाच प्रकाश परत जातो आणि काम अडतं. गेरूसारखा तांबडा मात्र छान चालतो. गेरू आणि पांढरी रेघ म्हटलं की वारली आठवणारच. पण वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे. विकताना ‘लेझरनं कोरलेलं’ असंच सांगायचं, हातानं काढलेली वारली म्हणून खपवायचं नाही.

मशीन घेताना जाहिरातीतल्या ‘40 वॉट’ला भुलू नका. तो आकडा पुष्कळदा वीज खाण्याचा असतो. प्रकाशाची ताकद विचारा. या कामाला 5 वॉट पुरे. कॅनव्हास मध्ये झोल खातो आणि फोकस बिघडतो, म्हणून मागून फरशीचा तुकडा टेकवा. मग कोपऱ्यात छोटे चौकोन कोरून बघा, प्रत्येकाला ताकद आणि वेग वेगळा. खालचा पांढरा तपकिरी पडला तर ताकद जास्त झाली.

आता वेळेचा हिशोब. 20 सेंटिमीटरचं चौरस चित्र, दोन रेघांत 0.1 मिलिमीटर अंतर, म्हणजे 2000 रेघा, एकूण 400 मीटर. मिनिटाला 3 मीटर वेग धरला तर सव्वादोन तास. एवढ्या वेळात लाईट गेली तर? मशीनला आपण कुठं होतो ते कळत नाही. म्हणून चित्राचे चार पट्टे करा, कॅनव्हास टेपनं पक्का चिकटवा, सुरुवातीचा कोपरा पेन्सिलीनं खुणून ठेवा. गेली लाईट तर एकच पट्टा वाया जातो.

आता जे सांगतो ते चित्र बिघडलं तरी विसरू नका. हा प्रकाश क्षणात डोळा कायमचा अधू करतो, स्टीलच्या ताटावरून उसळून आला तरीही. साधा गॉगल चालत नाही. 445 ते 455 नॅनोमीटरसाठी आहे असं छापलेला, खात्रीचा चष्माच हवा, आणि खोलीत असेल त्या प्रत्येकाला. लेकरं बाहेर. धूर बाहेर टाकणारा पंखा चालू ठेवा. सव्वादोन तास मशीन सोडून उठायचं नाही, शेजारी ओलं फडकं. पेटलंच तर आधी प्लग काढा, मग फडकं टाका.

शेवटी एका ताईंनी विचारलं, ‘निवडणुकीचे जुने फ्लेक्स फुकट मिळतात, त्यावर जमेल का?’ नाही, ताई. फ्लेक्स पीव्हीसीचा असतो. तो जळला की हायड्रोजन क्लोराईड वायू निघतो, म्हणजे ओल लागली की हायड्रोक्लोरिक आम्ल. छातीत आग होते आणि मशीनचं लोखंड गंजतं. रेक्झिनचंही बहुतेक तेच. त्यापेक्षा जुनं जाड सुती कापड पाटावर ताणून खिळे मारा, वर पांढरा रंग द्या. सरावाला तेवढं पुरतं.