आंब्याचें संकेतस्थळ आणि मोबाइल

हापूस थेट गिऱ्हाइकास विकावा म्हणून कोंकणांतील आमच्या कित्येक बागाईतदार बंधूंनीं संकेतस्थळें काढलीं, हें स्तुत्यच होय. परंतु मालक आपलें स्थळ संगणकाच्या रुंद पडद्यावर पाहतो, आणि गिऱ्हाईक मोबाइलवर. पानाच्या शिरोभागीं ‘व्ह्यूपोर्ट’ची एक ओळ नसेल, तर संबंध पान आकसून अक्षरें मुंगीएवढीं दिसतात. बागेचीं ५-५ मेगाबाइटांचीं छायाचित्रें जशींच्या तशीं चढवूं नयेत; मोबाइलपुरतीं २०० किलोबाइटांचीं पुष्कळ होतात. पेटीचा भाव चित्रांत कोरण्याची हौस तर आम्हांस मुळींच समजत नाहीं! तो अक्षरांत लिहावा, व फोनच्या आंकड्यास असा दुवा जोडावा कीं, बोट लावतांच फोन लागेल. हंगाम दोन-अडीच महिन्यांचा. पान उघडेना तर गिऱ्हाईक थांबत नाहीं, पेटी दलालाकडे जाते. फाल्गुन लागण्यापूर्वीं घरांतील सर्वांत जुन्या मोबाइलवर, बागेंत उभें राहून, आपलें स्थळ एकदां उघडून पाहावें.