बेस गिटारची निगा

वाद्यवृंदाच्या कार्यक्रमात गायकाचा कंठ आपले मन वेधून घेतो. बासरीचे सूर कानांत रेंगाळतात. परंतु या साऱ्या सुरांना खालून आधार देणारा एक गंभीर, घुमणारा नादही तेथे असतो. घराचा पाया डोळ्यांना दिसत नाही, पण त्यावाचून भिंती उभ्या राहत नाहीत. तसेच या खर्जाच्या नादाचे आहे. पुष्कळदा हा नाद बेस गिटारचा असतो.

पूर्वी पाश्चात्त्य वाद्यवृंदात हे काम डबल बेस हे पुरुषभर उंचीचे वाद्य करीत असे. ते वाहून नेणे कष्टाचे, आणि मोठ्या मेळ्यात त्याचा आवाज बुडून जाई. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे लिओ फेंडर यांनी १९५१ साली गळ्यात अडकवता येणारी, चार तारांची विद्युत् बेस गिटार बाजारात आणली. तिच्या दांडीवर पक्के बसवलेले पडदे असल्यामुळे सूर अचूक लागे. तारा पोलादाच्या, आणि त्यांच्याखाली लोहचुंबक व तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे. तार कंप पावली की वेटोळ्यात क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो व ध्वनिवर्धक तो वाढवतो. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते.

आमच्या शाळेला एका माजी विद्यार्थ्याने अशी गिटार भेट दिली होती. मे महिन्यात मी ती पेटीत घालून कोठीच्या खोलीत ठेवली आणि निश्चिंत झालो. डिसेंबरात स्नेहसंमेलनाच्या तोंडावर पेटी उघडली, तो तारांवर गंज चढलेला आणि दांडीला बाक आलेला! सातवीतल्या एका मुलाने दिवाळीच्या सुटीत मावसभावाच्या गिटारवर सराव केला होता. तो एक शब्दही न बोलता बाजूला जाऊन बसला. चूक माझी होती.

असे का व्हावे? चारही तारा सुरात लावल्या म्हणजे दांडीवर मोठ्या माणसाच्या वजनाइतकी ओढ सतत पडते. तिला तोंड देण्यासाठी दांडीच्या पोटात पोलादी सळई बसवलेली असते. पण लाकूड पावसाळ्यात ओलावा शोषून फुगते, कोरड्या हवेत आकसते आणि दांडीचा बाक बदलतो. मग तारा पडद्यांपासून दूर जाऊन बोटे दुखतात, किंवा फार जवळ येऊन खरखरतात. सळईच्या टोकाचा नट पाव पाव फेरा फिरवून हा दोष काढता येतो; मात्र ते काम जाणकारानेच करावे. बळ लावल्यास सळई तुटते आणि दांडी निकामी होते.

बाकीची निगा मात्र तुमच्या हातची आहे. वाजवण्यापूर्वी हात धुऊन कोरडे करावेत. जाड तारांवर बारीक तारेचे वेढे असतात. त्यांच्या फटींत घाम व मळ साचला की नाद बसका होतो. म्हणून वाजवून झाल्यावर प्रत्येक तार कोरड्या सुती फडक्याने पुसावी. तारा बदलताना एकेक बदलावी, म्हणजे दांडीवरची ओढ एकदम सुटत नाही. गिटार भिंतीला टेकवून, उन्हात किंवा दमट जागी ठेवू नये. पावसाळ्यात पेटीत ओलावा शोषणाऱ्या पुड्या ठेवाव्यात आणि अधूनमधून पेटी उघडून पाहावी. ध्वनिवर्धकाची दोरी काढण्यापूर्वी आवाज कमी करावा व दोरी न हिसकता टोकाशी धरून काढावी.

आमच्या गिटारला एका कारागिराने नव्या तारा चढवल्या आणि तीन-चार दिवसांत सळई थोडी थोडी फिरवून दांडी नीट केली. पुढल्या संमेलनात तोच मुलगा ती वाजवण्यास उभा राहिला. गाणे संपले, टाळ्या चालू होत्या, आणि त्याने खिशातून सुती रुमाल काढून एकेक तार पुसण्यास आरंभ केला. मला त्याला काहीच सांगावे लागले नाही.