निळवंडे ८ कोटींवरून ५,१७७ कोटींवर कसे गेले? ठेकेदाराचा ‘क्लेम’ म्हणजे काय, तो कोण मिटवते आणि पैसे कोण भरते? समजून घ्या

अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर असलेल्या निळवंडे धरणाची कल्पना १९७० मधली. तेव्हा खर्चाचा अंदाज होता सुमारे ८ कोटी रुपये. डाव्या कालव्यातून चाचणीचे पहिले पाणी सुटले ते ३१ मे २०२३ रोजी. त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी या ८५ किलोमीटर लांबीच्या कालव्याचे लोकार्पण केले. तेव्हा सरकारने सांगितलेला प्रकल्पाचा खर्च होता सुमारे ५,१७७ कोटी रुपये.

आठ कोटी ते पाच हजार कोटी हा आकडा व्हॉट्सॲपवर नेहमी फिरतो आणि त्याखाली ‘ठेकेदारांनी खाल्ले’ अशी एक ओळ असते. प्रत्यक्षात यात पन्नास वर्षांची महागाई आहे. धरणाची जागा म्हाळादेवीहून निळवंडेला हलली, त्याचा खर्च आहे. वाढलेला जमिनीचा मोबदला, पुनर्वसन आणि कामाची वाढलेली व्याप्तीही आहे. पण या सगळ्याखाली एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. काम रखडले की करारातला प्रत्येक दिवस कोणाच्या तरी खात्यावर लिहिला जातो. त्यालाच ‘क्लेम’ म्हणतात.

क्लेम म्हणजे नेमके काय?

कराराच्या मूळ रकमेपलीकडे ठेकेदाराने केलेली पैशांची किंवा मुदतीची मागणी म्हणजे क्लेम. खात्याचाही ठेकेदारावर क्लेम असू शकतो, उदा. उशिराबद्दल दंड. मोठ्या कामात वाद साधारण पाच कारणांनी होतात:

• जागेचा ताबा वेळेत न मिळणे
• नकाशे, मंजुऱ्या उशिरा येणे किंवा मध्येच बदलणे
• जमिनीखाली अंदाजापेक्षा वेगळे निघणे (मुरूम धरलेला, निघाला कठीण खडक)
• निविदेत नसलेली कामे, म्हणजे ‘जादा बाबी’
• बिले थकणे

निळवंडेच्या कालव्यात काय अडले होते?

कालव्याचे तोंड अकोले तालुक्यात आहे. तिथल्या सुरुवातीच्या सुमारे २८ किलोमीटरच्या टप्प्यात अनेक शेतकऱ्यांनी उघड्या कालव्याला विरोध केला. बागायती जमीन जाते, म्हणून पाणी बंदिस्त पाइपमधून न्या, अशी त्यांची मागणी होती. दुसरीकडे संगमनेर, राहाता, कोपरगाव, सिन्नर भागातली गावे पाण्याची वाट पाहत होती. त्यांच्या कालवा कृती समितीने उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जनहित याचिका केली. कालव्याचे पुढचे टप्पे खोदले, तरी तोंड उघडल्याशिवाय त्यात पाणी येणार कुठून?

यात कोणा एकाला खलनायक ठरवता येत नाही. जमीन जाणाऱ्याचा प्रश्न खरा आहे आणि टेलच्या शेतकऱ्याची तहानही खरी आहे. पण कराराच्या भाषेत ‘जागेचा ताबा देणे’ ही जबाबदारी खात्याची असते.

एका उदाहरणातून समजून घेऊ

समजा, १० किलोमीटर कालव्याचे काम १८ महिन्यांसाठी दिले. कार्यारंभ आदेश निघाला. पण मधल्या ३ किलोमीटरचे भूसंपादन झालेलेच नाही. ठेकेदाराचे पोकलेन उभे आहेत, कामगारांचा पगार चालू आहे, बँक गॅरंटीचे कमिशन जात आहे. दोन वर्षांनी जागा मिळाली, तेव्हा डिझेल आणि सिमेंटचे दर वेगळे आहेत.

आता तो तीन गोष्टी मागतो: मुदतवाढ, भाववाढ आणि यंत्रे बसून राहिल्याची भरपाई. मुदतवाढ बहुतेक वेळा मिळते. करारात भाववाढीची अट असेल तर सूत्रानुसार फरक मिळतो. खरे भांडण होते तिसऱ्या मागणीवरून.

खाते विचारते, यंत्रे खरेच साइटवर होती का? त्या काळात ती दुसऱ्या कामावर नव्हती कशावरून? तुम्ही तेव्हाच पत्र का दिले नाही?

शेवटचा प्रश्न सर्वात महत्त्वाचा आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५५ चा आशय असा, की ज्या करारात वेळ महत्त्वाची आहे तिथे उशिरा झालेली पूर्तता स्वीकारली आणि स्वीकारतानाच भरपाई मागणार असल्याची सूचना दिली नाही, तर नंतर त्या उशिराबद्दल भरपाई मागता येत नाही. म्हणून मुरलेला ठेकेदार पहिल्याच आठवड्यात पत्र टाकतो आणि मुरलेला अभियंता त्याला लेखी उत्तर देतो. नवखे दोघेही ‘बघू पुढे’ म्हणतात आणि पाच वर्षांनी वकिलाकडे भेटतात.

क्लॉज ३८ काय आहे?

महाराष्ट्रात शासकीय बांधकामांसाठी बी-१ आणि बी-२ हे करारनामे वर्षानुवर्षे वापरात आहेत. त्यातला क्लॉज ३८ वाढीव परिमाणाबद्दल आहे. निविदेतल्या एखाद्या बाबीचे काम २५ टक्क्यांपर्यंत वाढले, तर पैसे निविदेच्याच दराने मिळतात. त्यापलीकडच्या कामाला चालू दरसूचीवरून काढलेला दर लागतो.

निविदेत १ लाख घनमीटर खोदाई होती आणि प्रत्यक्षात १ लाख ६० हजार झाली, तर १ लाख २५ हजारांपर्यंत जुना दर आणि उरलेल्या ३५ हजारांना नवा. म्हणजे सुरुवातीचे सर्वेक्षण जितके ढिले, तितका नव्या दराचा हिस्सा मोठा. राज्यातील सिंचन प्रकल्पांच्या वाढत्या खर्चावरून २०१२ मध्ये वादळ उठले आणि माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी समिती नेमली गेली. तेव्हापासून हा क्लॉज सामान्य वाचकालाही ऐकून माहीत आहे.

वाद झाला, तर निकाल कोण देतो?

बी-१ करारात क्लॉज ३० नुसार वाद आधी अधीक्षक अभियंत्यांकडे जातो. अटींनुसार पुढे मुख्य अभियंत्यांकडे अपील करता येते. ही ‘लवादाची’ अट आहे, असे अनेक ठेकेदार मानत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये विष्णू विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात ती लवादाची अट नसल्याचे स्पष्ट केले. म्हणजे अशा करारात वेगळी तरतूद नसेल, तर खात्यातल्या निर्णयानंतरचा रस्ता दिवाणी न्यायालयाचा.

राष्ट्रीय महामार्ग, मेट्रोसारख्या अनेक करारांत मात्र लवाद असतो. १९९६ च्या लवाद कायद्यानुसार देशांतर्गत वादात दोन्ही बाजूंचे म्हणणे दाखल झाल्यापासून १२ महिन्यांत निवाडा अपेक्षित आहे. दोघांच्या संमतीने आणखी ६ महिने मिळतात. त्यानंतर कलम ३४ खाली आव्हान, कलम ३७ खाली अपील आणि मग सर्वोच्च न्यायालय.

दिल्ली मेट्रोच्या विमानतळ मार्गिकेचे प्रकरण यासाठी पाहण्यासारखे आहे. २०१७ मध्ये खासगी कंपनीच्या बाजूने सुमारे २,८०० कोटींचा निवाडा झाला. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. व्याजासह रक्कम ८ हजार कोटींच्या आसपास पोहोचली. १० एप्रिल २०२४ रोजी त्याच न्यायालयाने क्युरेटिव्ह याचिकेवर तो निवाडा रद्द केला. सात वर्षे दोन्ही बाजूंना आपल्या हातात नक्की किती पैसे आहेत, हे माहीत नव्हते.

उशिराची किंमत किती?

लवादाच्या निवाड्यात वेगळे लिहिलेले नसेल, तर निवाड्यानंतर प्रचलित दरापेक्षा २ टक्के जास्त व्याज लागते. समजा १० कोटींचा निवाडा खात्याविरुद्ध गेला आणि एकूण व्याज १० टक्के बसले. अपिलात हरण्यासाठी पाच वर्षे घालवली, तर फक्त व्याजाचे ५ कोटी होतात. ते सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-आमच्या करातून जातात.

मग अधिकारी तडजोड का करत नाहीत? कारण तडजोडीवर सही केली की उद्या ऑडिटची शंका आणि चौकशीची भीती असते. अपील केले तर कोणी विचारत नाही. ही अडचण ओळखून केंद्राने २०२३ मध्ये ‘विवाद से विश्वास-२’ योजना आणली. त्यात न्यायालयीन आदेशांच्या प्रकरणात ८५ टक्क्यांपर्यंत आणि लवाद निवाड्यांत ६५ टक्क्यांपर्यंत रक्कम देऊन वाद मिटवण्याची सोय होती. पुढे जून २०२४ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने सूचना दिली, की सरकारी खरेदी-कामांच्या करारांत सरसकट लवाद नको. तो शक्यतो १० कोटींपेक्षा कमी रकमेच्या वादांपुरता ठेवावा, मोठ्या वादांत मध्यस्थीचा विचार करावा.

मग उपाय काय?

सर्वात स्वस्त क्लेम म्हणजे जो उभाच राहत नाही तो. केंद्राच्या महामार्गांच्या ईपीसी नमुना करारात सुमारे ९० टक्के जागा हातात असण्याची अट याचसाठी आहे. जागा नसताना नारळ फोडला, तर फोटो आज छापून येतो आणि बिल दहा वर्षांनी.

दुसरे म्हणजे रोजची नोंद. साइट रजिस्टर, तारखेसह फोटो, संयुक्त मोजणी आणि वेळेवर लिहिलेले मोजमाप पुस्तक असेल, तर निम्मे वाद टेबलावरच मिटतात.

तुमच्या गावातल्या कामाबद्दल काय विचाराल?

रखडलेला कालवा, पूल किंवा रस्ता तुमच्याही भागात असेल. माहिती अधिकारात अर्ज करून या पाच गोष्टी मागता येतात. उत्तराची सर्वसाधारण मुदत ३० दिवस आहे.

१. कार्यारंभ आदेशाची तारीख आणि त्या दिवशी ताब्यात असलेली जागा
२. आतापर्यंतच्या मुदतवाढी आणि प्रत्येक वेळी नोंदवलेले उशिराचे कारण
३. सुधारित प्रशासकीय मान्यता (सुप्रमा) किती वेळा, किती रकमेची
४. क्लॉज ३८ आणि जादा बाबींपोटी दिलेली रक्कम
५. प्रलंबित क्लेम, लवाद आणि न्यायालयीन प्रकरणे

‘काम का रखडले?’ या प्रश्नाला ‘तांत्रिक अडचण’ एवढेच उत्तर मिळते. दुसऱ्या क्रमांकाची माहिती हातात आली, की उशीर खात्याचा होता की ठेकेदाराचा, हे सही-शिक्क्यासह समजते. निळवंडेच्या पाण्यासाठी सात तालुक्यांतल्या १८२ गावांपैकी अनेक घरांत दोन पिढ्यांनी वाट पाहिली. त्या वाट पाहण्याचा क्लेम मात्र कोणत्याही करारात बसत नाही.