पाळकाच्या दारी आलेली सेमिनरी

ग्वाटेमालाच्या पॅसिफिककडच्या उतारावर, कॉफीच्या पट्ट्यात, सान फेलिपे नावाचं गाव आहे. १९६२ साली देशातल्या प्रेस्बिटेरियन चर्चने आपली सेमिनरी राजधानीतून हलवून या गावात आणली. कारण साधं होतं. आजवरच्या विद्यार्थ्यांचं पुढे काय झालं याची चर्चने मोजणी केली होती. २५ वर्षांत २०० हून अधिक विद्यार्थी सेमिनरीत येऊन गेले होते, आणि त्यांतले जेमतेम १० जण पाळक म्हणून काम करत होते.

बाकीचे गेले कुठे? सेमिनरीत यायचे ते बहुतेक अविवाहित तरुण. काही वर्षं राजधानीत राहिल्यावर खेड्यातल्या मंडळीच्या तुटपुंज्या मानधनावर जगणं त्यांना जमेना. काहींना दुसऱ्या नोकऱ्या मिळाल्या. इकडे खेड्यापाड्यांत मंडळ्या तर चालूच होत्या. त्या सांभाळत होते चाळिशी-पन्नाशीचे, बायकामुलांचे, शेतीभातीत गुंतलेले लोक. रविवारचा उपदेश त्यांचा, आजाऱ्याच्या उशाशी प्रार्थनेला ते, मयताला ते आणि भांडण मिटवायलाही तेच. लोकांनी त्यांना केव्हाच पाळक मानलं होतं. फक्त त्यांनी सेमिनरीचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि पाहणार तरी कसं? पेरणी टाकून तीन वर्षं वसतिगृहात जाऊन राहणं कुणाला परवडतं?

या कोड्याला भिडले राल्फ विंटर आणि जेम्स एमरी हे दोघे अमेरिकन मिशनरी. पाठोपाठ रॉस किन्सलर त्यांना येऊन मिळाले. विंटर मूळचे इंजिनिअर, आणि प्रश्न सुटे करून पाहण्याची ती सवय इथे कामी आली असं मला वाटतं. सेमिनरी खेड्यात आणूनही अडचण सुटली नव्हती, कारण दहा कोसांवरच्या पाळकाला सान फेलिपेही राजधानीइतकंच लांब होतं. तेव्हा १९६३ मध्ये त्यांनी वर्गच फोडून गावोगाव वाटला. जागोजागी केंद्रं ठरली, शिक्षक ठरल्या दिवशी तिथे पोहोचू लागले, आणि पाळक आपलं गाव, आपला धंदा, आपली मंडळी न सोडता शिकू लागला. विद्यार्थीसंख्या बघता बघता कित्येक पटींनी वाढली.

या पद्धतीची रचना नीट पाहण्यासारखी आहे. विद्यार्थ्याला घरी अभ्यासपुस्तिका मिळे. तिच्यात थोडा मजकूर, मग लगेच प्रश्न, उत्तर पडताळायची सोय, मग पुढचा टप्पा. रोज थोडं थोडं, कंदिलाच्या उजेडात का होईना, स्वतः वाचायचं. आठवड्याला केंद्रावर बैठक. तिथे शिक्षक व्याख्यान झोडत नसे; वाचलेलं आणि मंडळीत घडलेलं यांची सांगड घालायची चर्चा होई. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ टेड वॉर्ड यांनी याला लाकडी कुंपणाची उपमा दिली. एक आडवी पट्टी अभ्यासाची, दुसरी प्रत्यक्ष कामाची, आणि दोन्हींना ठराविक अंतरावर धरून ठेवणारे उभे खांब म्हणजे बैठका. खांब काढले की पट्ट्या जमिनीवर. पुढे अनेक ठिकाणी नेमकं हेच झालं. पुस्तिका छापणं सोपं, टपालाने पाठवणं सोपं. माणसं दर आठवड्याला जमवणं अवघड. जिथे बैठक सुटली तिथे पुस्तिका कपाटात गेली.

शिक्षणाच्या पायऱ्याही वेगवेगळ्या ठेवल्या होत्या. कुणी सहावीपर्यंत शिकलेला, कुणी माध्यमिक, कुणी त्याहून वरचा; विषय तेच, खोली निराळी. ज्यांची प्राथमिक शाळाच अर्ध्यावर सुटली होती त्यांना आधी ती पुरी करता यावी, हाही खटाटोप झाला. मला यातलं सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हे, की निवडीचा क्रमच उलटा झाला. आधी माणूस शिकवायचा आणि मग त्याला मंडळी शोधून द्यायची, ही जुनी रीत. इथे मंडळीने आधीच निवडलेला माणूस शिकवायचा होता.

आक्षेप आले, आणि ते खोटे नव्हते. रिकाम्या जागा भरत शिकलेला माणूस पोपटपंची करील, दुसऱ्याने आखलेल्या चौकटीतच विचार करील, अशी भीती होती. ब्राझीलचे पावलो फ्रेरी त्याच काळात गरिबांच्या शिक्षणाविषयी जे मांडत होते, त्याच्या उजेडात ही टीका जास्तच बोचरी ठरली. किन्सलर यांनी ती मनावर घेतली आणि पुढची कित्येक वर्षं या चळवळीचा अर्थ लावण्यात घालवली.

उत्तरेला, अमेरिकेतल्या स्पॅनिशभाषक पाळकांची अडचण निराळी होती. तिथे सेमिनऱ्या भरपूर, पण शिकवणं इंग्रजीत, फी जबर, आणि प्रवेशाला आधीची पदवी हवी. दिवसभर कारखान्यात राबून संध्याकाळी भाड्याच्या हॉलमध्ये उपासना चालवणाऱ्याला हे दार बंदच. त्याला आधार होता बायबल इन्स्टिट्यूटचा, चर्चच्या खोलीत रात्री भरणाऱ्या वर्गांचा. ही परंपरा जुनी आहे. १९२६ साली सॅन डिएगोत मेक्सिकन लोकांसाठी अशी एक संस्था काढणाऱ्या ॲलिस ल्यूस त्याआधी भारतात, आझमगडला मिशनरी होत्या. याहून जवळचा धागा आपल्या केडगावचा आहे. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये काम करणाऱ्या मिनी एब्रम्स यांनी तिथल्या जागृतीविषयी १९०६ साली पुस्तिका लिहिली आणि चिलीतल्या व्हॅल्परायसोला, मे हूवर या जुन्या मैत्रिणीला पाठवली. १९०९ मध्ये चिलीत जी पेंटेकोस्टल चळवळ उभी राहिली, तिच्या मुळाशी ही पुस्तिकाही आहे. त्या चळवळीतले पाळक रस्त्यावर साक्ष देत, पायरी पायरीने वर चढत घडले. सेमिनरीची त्यांना गरज वाटली नाही, आणि सेमिनरीनेही त्यांची फारशी विचारपूस केली नाही.

बोस्टनमध्ये १९७६ साली एल्दिन विलाफान्ये यांनी गॉर्डन-कॉनवेल सेमिनरीचं शहरी केंद्र सुरू केलं आणि नोकरी करणाऱ्या पाळकांना त्यांच्या भाषेत, त्यांच्या सवडीच्या वेळी शिकवायला घेतलं. हवानात जन्मलेले चर्च-इतिहासकार हुस्तो गोन्सालेस यांनी १९८८ साली हिस्पॅनिकांच्या ईश्वरविद्येच्या शिक्षणावर अहवाल लिहिला. त्यानंतरच्या दशकात त्यांच्याच पुढाकाराने हिस्पॅनिक शिक्षणासाठी संघटना, उन्हाळी वर्ग आणि डॉक्टरेट करणाऱ्यांसाठी मदत असं सगळं उभं राहिलं. त्या संघटनेने रात्रीच्या बायबल इन्स्टिट्यूटची गुणवत्ता तपासून प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली. आता अशा प्रमाणित संस्थेत शिकलेल्या पाळकाला, कॉलेजची पदवी नसतानाही, ठराविक मर्यादेत सेमिनरीच्या एम.ए.ला प्रवेश मिळू शकतो. भाड्याच्या हॉलमधल्या फळ्याला मिळालेली ही मान्यता फार मोठी आहे.

सान फेलिपेची पद्धत आपल्याकडेही लवकर आली. १९७१ साली बंगळुरूला टाफ्टी ही संस्था निघाली. तिचे अभ्यासक्रम अनेक भारतीय भाषांत आहेत आणि नोकरीधंदा सांभाळून ते करता येतात. महाराष्ट्रातल्या खेड्यांत आजही शेतावरून येऊन उपासना चालवणारे पाळक आहेत. त्यांच्या मंडळ्यांना एवढंच सांगणं आहे: तुमच्या पाळकाला आठवड्यातली एक संध्याकाळ मोकळी द्या, आणि अभ्यासकेंद्रापर्यंतचं एसटीचं भाडं दानपेटीतून द्या.