मटका व कॅसिनो यांतील प्रचलित संज्ञा : अर्थ आणि अंकगणित

प्रस्तावना :
भारतीय समाजाला द्यूत नवे नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात जुगाऱ्याच्या विपन्नावस्थेचे वर्णन आढळते, तर महाभारतातील द्यूताची परिणती सर्वज्ञात आहे. विसाव्या शतकात मात्र जुगाराने बाजारपेठेची भाषा आत्मसात केली. ही भाषा लाभाची वाटते. तिच्या पोटातील तोटा सहसा दिसत नाही. विद्यार्थ्यांना या विषयी सावध करू इच्छिणाऱ्या अध्यापकास केवळ नैतिक उपदेश पुरेसा पडत नाही. त्यासाठी संज्ञांचा नेमका अर्थ ज्ञात असणे आवश्यक ठरते.

मटक्यातील संज्ञा :
न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात उघडणाऱ्या व बंद होणाऱ्या भावांवर मुंबईत सट्टा खेळला जात असे. त्यातूनच 'ओपन' व 'क्लोज' या संज्ञा रूढ झाल्या. पुढे 1960 च्या दशकात कल्याणजी भगत व रतन खत्री यांच्या काळात अंकांच्या चिठ्ठ्या मातीच्या मडक्यातून काढल्या जाऊ लागल्या आणि 'मटका' हे नाव रुजले. चिठ्ठ्यांची जागा नंतर पत्त्यांनी घेतली. नाव मात्र टिकले.

0 ते 9 मधील तीन अंकांच्या समूहास 'पाना' अथवा 'पत्ती' म्हणतात. त्यांच्या बेरजेतील एकम स्थानचा अंक हा निकालाचा अंक होय. उदाहरणार्थ, 2, 5, 8 यांची बेरीज 15, म्हणून ओपन 5. दुसऱ्या सोडतीत 1, 3, 9 आल्यास बेरीज 13, म्हणून क्लोज 3. दोहोंची 'जोडी' 53 होते. तिन्ही अंक भिन्न असल्यास 'सिंगल', दोन समान असल्यास 'डबल' व तिन्ही समान असल्यास 'ट्रिपल' पाना होतो. असे अनुक्रमे 120, 90 व 10, म्हणजे एकूण 220 पाने संभवतात आणि प्रत्येक अंकाच्या वाट्याला 22 पाने येतात. पैसे लावणारा तो 'पंटर' आणि ते स्वीकारणारा 'बुकी'.

कॅसिनोतील संज्ञा :
रोख रकमेऐवजी वापरल्या जाणाऱ्या चकत्यांना 'चिप्स' आणि पत्ते वाटणाऱ्या कर्मचाऱ्यास 'डीलर' म्हणतात. सर्वांत महत्त्वाची संज्ञा 'हाउस एज', म्हणजे प्रत्येक पणातील चालकाचा सरासरी हिस्सा. युरोपीय रूलेटच्या चक्रावर शून्य धरून 37 घरे असतात. एका घरावर लावलेल्या 1 रुपयास जिंकल्यावर 35 रुपये मिळतात व मूळ रुपया परत येतो. सर्व 37 घरांवर प्रत्येकी 100 रुपये लावल्यास 3,700 रुपये खर्चून 3,600 रुपये हाती येतात. हा तोटा सुमारे 2.70 टक्के होय. अमेरिकी चक्रावर आणखी एक शून्य असल्याने तो 5.26 टक्के होतो.

तुलना :
मटक्यात प्रत्येक अंकाची शक्यता दहात एक मानली आणि 1 रुपयास एकूण 9 रुपये मिळतात असे धरले, तर चालकाचा हिस्सा 10 टक्के येतो. जोडीची शक्यता शंभरात एक. तीवर 90 रुपये मिळाले तरी हिस्सा तोच राहतो. बक्षीस मोठे दिसते, प्रमाण बदलत नाही. रोज 100 रुपये लावणाऱ्या मजुराचे 300 दिवसांत 30,000 रुपये पणास लागतात व सरासरीने 3,000 रुपये बुडतात. जिंकलेली रक्कम पुन्हा लावल्यास तोटा वाढतच जातो.

मागील निकालांचे तक्ते पाहून पुढील अंक वर्तविणे हाही भ्रमच होय. प्रत्येक सोडत स्वतंत्र असते; पूर्वीच्या सोडतींची तिला स्मृती नसते. बराच काळ न आलेला अंक 'येणारच', ही समजूत तर्कदुष्ट आहे.

कायदेशीर स्थिती :
महाराष्ट्रात 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्यान्वये मटका दंडनीय आहे. कॅसिनोविषयक 1976 चा राज्य कायदा प्रत्यक्ष अंमलात न येताच 2023 मध्ये रद्द करण्यात आला. गोव्यात 1992 च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांवरील खेळांना वाट मोकळी झाली. पुढे मांडवी नदीतील जहाजांवर कॅसिनो आले. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने 2025 च्या कायद्याने बंदी घातली.

निष्कर्ष :
साधने बदलली तरी जुगाराचे गणित बदललेले नाही. एखादा खेळाडू एखाद्या दिवशी जिंकू शकतो. दीर्घकाळात चालकच जिंकतो, कारण ते यश नशिबावर नव्हे, नियमांच्या रचनेवर अवलंबून असते. संभाव्यतेचा हा पाठ गणिताच्या वर्गापुरता मर्यादित न राहता अर्थशास्त्र, समाजशास्त्र व भाषा यांच्या अध्यापनातही यावा, हे इष्ट होय.